हलक्या बंदुकीचा अहवाल

प्रारंभीच वाचकांची क्षमा मागते. आपण लिहावं का, हा प्रश्न कागद पुढे ओढेपर्यंत सुटला नव्हता आणि ओढल्यावरही सुटलेला नाही. माझं आजवरचं लेखन म्हणजे मोजमापांचे अहवाल. त्यांत क्रियापदं कमी आणि दशांशचिन्हं जास्त. ज्या वयात लिहिणारी माणसं मागे वळून आपली पुस्तकं मोजतात, त्या पंचावन्नाव्या वर्षी मी पहिलं पान लिहीत आहे, आणि त्यातून विषय बंदुकीचा. ज्या घरात अंडं उकडायचं भांडंही वेगळं ठेवत, अशा पुण्यातल्या घरात मी वाढले. तेव्हा रायफलीविषयी बोलण्याचा माझा अधिकार एवढाच, की तिच्याबद्दल मी एकदा खोटं लिहिलं.

जर्मनीतल्या इंगोलश्टाट शहरात एका कारखान्यात मी सुटे भाग मोजण्याचं काम करते. शहराबाहेरच्या एका गावात, दुमजली घराच्या वरच्या मजल्यावर आम्ही सोळा वर्षं भाड्यानं राहत आहोत. खाली घरमालक राहतात. आमची मुलगी लहानपणी त्यांना ओपा, म्हणजे आजोबा, म्हणू लागली आणि मग आमच्याही तोंडी तेच बसलं. आज ते एक्याऐंशी वर्षांचे आहेत.

गाव संपलं की पूर्वीची दलदल लागते. आता तिथे सपाट कुरणं आहेत आणि त्यांना छेदत जाणारे पाण्याचे चर. वसंताच्या सुरुवातीला या कुरणांत किबिट्झ येतात. आपल्या टिटवीच्या नात्यातला हा पक्षी, डोक्यावर बारीक तुरा असलेला. उघड्या जमिनीवर अंडी घालतो आणि मग सगळ्या जगाशी भांडत बसतो. या कुरणांवरचा शिकारीचा हक्क ओपांकडे भाडेपट्ट्यानं होता. इथे हा हक्क म्हणजे हौसेपेक्षा जबाबदारीच अधिक असते. कुठे काय वाढलं, कुठे काय घटलं, याचा हिशेब त्या माणसानं ठेवायचा असतो.

मुलगी शिकायला आखनला गेली आणि घर फार शांत झालं. तेव्हा ओपांनी मला घरटी मोजायच्या कामाला लावलं. घरटं दिसलं की दोन्ही बाजूंना काही अंतरावर बांबूच्या काठ्या रोवायच्या, म्हणजे ट्रॅक्टरवाला ती जागा सोडून जातो. त्या वर्षी मी नऊ घरटी नोंदवली. मे महिना आला तेव्हा त्यांतली दोन उरली होती. बाकीच्यांच्या जागी टरफलं होती आणि चराच्या ओल्या मातीत कोल्ह्याची पावलं.

“मोजता तुम्ही छान, फ्राऊ इंजिनिअर,” ओपा म्हणाले. “पण मोजून कोल्हा थांबत नाही.”

म्हणून एक्कावन्नाव्या वर्षी मी शिकारीच्या परवान्याचा अभ्यास केला. इथे या परीक्षेला गमतीनं ‘हिरवी मॅट्रिक’ म्हणतात. लेखी परीक्षेत मी वर्गात पहिली आले, याचं घरात कोणालाच आश्चर्य वाटलं नाही. नेमबाजीतही पास झाले, याचं मात्र माझ्या यजमानांना वाटलं.

“अगं, घरात झुरळ निघालं तर मला हाक मारतेस!”

“झुरळ शंभर मीटरवर थांबत नाही हो,” मी म्हटलं.

त्यानंतर मी दोन कोल्हे मारले. दोन्ही दिवशी मला जेवण गेलं नाही. ओपांनी ते पाहिलं आणि म्हणाले, “ज्या दिवशी जेवण जाईल, त्या दिवशी परवाना परत करा.” जनावराच्या बाबतीत त्यांचा एकच धर्म होता: गोळी सुटली की जनावर जागच्या जागी पडलं पाहिजे. जखमी होऊन निसटलेलं जनावर ही त्यांच्या लेखी माणसाची बेअब्रू होती. साठ वर्षांत आपल्या हातून असं एकदाच झालं, हे ते सांगत. आणि ते एकदा कुठे, कोणत्या झाडाखाली, तेही सांगत.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या उजव्या खांद्याची शस्त्रक्रिया झाली. त्यांची जुनी रायफल अक्रोडाच्या लाकडाची आणि पोलादाची, दुर्बिणीसकट पाच किलोच्या आसपास. ती डाव्या खांद्याला अडकवून ते निघत आणि प्रत्येक कुंपणाशी थांबत. थांबल्यावर दूर कुठेतरी पाहत, जणू काही पाहण्यासाठीच थांबले आहेत.

शरद ऋतूत एका शनिवारी ते जिना चढून वर आले. हातात एक लांबट पेटी होती. बंदुका दुरुस्त करणाऱ्या कारागिरानं त्यांना एक नवी रायफल पारखायला दिली होती. कोल्हा आणि त्याहून लहान उपद्रवी जनावरांसाठी बनवलेली, बारीक काडतुसाची. दर गोळीनंतर बोल्ट हातानं मागेपुढे ओढायचा, तीच जुनी पद्धत. पण नळी बोरूसारखी सडपातळ आणि दस्ता लाकडाऐवजी कसल्याशा काळ्या हलक्या पदार्थाचा. मी ती उचलली तेव्हा अपेक्षेपेक्षा हात वर गेला, भरलेली समजून रिकामी बादली उचलल्यावर जातो तसा.

“मला हिचा रिपोर्ट हवा,” ओपा म्हणाले. “तुमच्या कारखान्यात करता तसा. तक्त्यांसकट.”

“मी? अहो, मी कालची शिकलेली. तुमच्या क्लबात किती जाणकार आहेत...”

“कारागिराला ती विकायची आहे. माझ्या मुलाला मी घरी बसायला हवा आहे. क्लबातल्यांना माझ्याशी भांडण नको आहे. तुम्हाला काहीच नको आहे.” त्यांनी पेटीचं झाकण लावलं. “जे दिसेल ते लिहा. साखर घालू नका.”

पुढच्या शनिवारी सकाळी आम्ही नेमबाजीच्या मैदानावर गेलो. शंभर मीटरवर निशाण, आणि बंदूक टेकवायला मचाणाच्या कठड्यासारखी लाकडाची आडवी फळी. मी वही उघडली. बोल्ट आवाज न करता फिरतो का, थंडीत हातमोजा घालून सुरक्षेचा खटका सरकवता येतो का, सरकवताना टिक्‌ असा आवाज होतो का. कारण कोल्ह्याला तेवढा पुरतो. चाप किती वजनाला सुटतो, ते मी स्प्रिंगच्या काट्यानं दहा वेळा मोजलं. तो प्रत्येक वेळी जवळपास सारख्याच वजनाला सुटला. बंदुकीत मला खोट सापडेना.

ओपा आधी बसले. तीन गोळ्या, मग विश्रांती, पुन्हा तीन. त्यांच्या पाच फेऱ्या झाल्यावर मी बसले. माझ्याही तशाच पाच. माझ्या तीन गोळ्यांची भोकं दोन युरोच्या नाण्याखाली झाकली जात होती. ओपांची भोकं झाकायला चहाची बशी लागली असती, आणि एका फेरीत तीही पुरली नसती.

यात कोडं काहीच नव्हतं. मापात फरक येतो तो भागामुळे, उपकरणामुळे की माणसामुळे, हे ठरवण्यासाठी आम्ही रोज हेच करतो: तोच भाग, तेच उपकरण, माणसं दोन. जड बंदूक हाताचा कंप आपल्या वजनाखाली दाबून टाकते. हलकी बंदूक तो दाबत नाही. श्वास, नाडी, बोटांची थरथर, सगळं जसंच्या तसं नळीच्या टोकापर्यंत पोचवते. मला दुर्बिणीतूनच नव्हे, शेजारी बसूनही दिसत होतं. चापाकडे जाताना ओपांचं बोट दर वेळी दोनदा थबकत होतं, आणि बंदूक टेकवलेली असूनही दस्ता त्यांच्या गालाशी सूक्ष्म हलत होता.

“आल्झो?” म्हणजे ‘मग काय?’, असं कागद गुंडाळताना त्यांनी विचारलं.

“आकडे मांडते, मग सांगते,” मी म्हणाले.

रविवारी सकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी ते दहा कागद पसरले. यजमान चहा घेऊन आले, त्यांनी वाकून पाहिलं आणि त्यांनाही न विचारता कळलं.

“ही विखुरलेली भोकं सगळी त्यांची?”

“हो.”

“काय लिहिणार?”

“जे दिसलं ते.”

“ऐंशीच्या माणसाला तोंडावर सांगणार, की आजोबा, तुमचा हात थरथरतो?”

मला त्याच क्षणी बाबांची स्कूटर आठवली. बाबांची नजर अधू होऊ लागली तेव्हा घरात कोणीही त्यांना तसं म्हटलं नाही. आईनं एक दिवस जाहीर केलं की स्कूटरचा भरवसा राहिला नाही, कार्ब्युरेटर गेला आहे. मग मीही तेच म्हणाले, धाकट्या भावानंही म्हटलं. आम्ही सगळ्यांनी मिळून दोन महिने त्या निर्दोष स्कूटरला नावं ठेवली, आणि एका सकाळी बाबा रिक्षानं बँकेत गेले. स्कूटरवर चादर पडली. कोणाचा अपमान झाला नाही, कोणी कोणाला दुखावलं नाही. आमच्या घरी याला माया म्हणत.

मी ओपांच्या बाबतीत तेच केलं. आकडा एकही बदलला नाही. तेवढी बेइमानी करायचं धाडस माझ्यात नव्हतं. मी फक्त तक्त्यातले नेमबाजांचे रकाने काढून टाकले आणि दोन नवे मथळे घातले. माझ्या कागदांवर ‘नळी थंड असताना’ असं लिहिलं, त्यांच्या कागदांवर ‘नळी तापल्यावर’. खाली शेरा दिला: सडपातळ नळी लवकर तापते व गोळ्या विखुरतात, ही रायफल घेण्याची शिफारस करता येत नाही. माझा हिशेब असा होता की हलकी मिळणार नाही आणि जड पेलत नाही, तेव्हा ते आपोआप थांबतील. बाबा थांबले होते तसे.

ओपांनी अहवाल खिडकीशी उभं राहून दोनदा वाचला.

“म्हणजे नळी,” ते म्हणाले.

“हो. नळी.”

“गेनाऊ, अगदी बरोबर.” त्यांनी चष्मा काढला. ते हसले, आणि त्या हसण्यात मला सुटका दिसली. ती माझीही होती म्हणून मी ती तपासली नाही. “मला उगीच भलतंच वाटत होतं.”

हलकी बंदूक परत गेली. पण ओपा थांबले नाहीत. अहवालानं त्यांना सांगितलं होतं की माणूस ठीक आहे, पोलाद वाईट आहे. त्यांनी आपलं जुनं, चांगलं पोलाद बाहेर काढलं. खांद्याला पट्टा रुतू नये म्हणून त्याखाली घोंगडीचा तुकडा शिवून घेतला आणि हिवाळाभर जात राहिले. मी बरोबर असले की त्यांच्या वाट्याची पिशवी घेत असे. दुसरं काही मी केलं नाही.

फेब्रुवारीच्या अखेरीस, किबिट्झ परतायच्या सुमारास, एका सकाळी मी आणि ते मचाणावर शेजारी बसलो होतो. कुरणावर रात्रीचं पातळ बर्फ होतं. कोल्हा चराच्या कडेनं आला, आणि सत्तर-ऐंशी मीटरवर उभा राहून गवतात कान लावून ऐकू लागला. सोपी गोळी होती. मी त्यांचं चापावरचं बोट पाहत होते. ते दोनदा थबकलं.

आवाजानंतर कोल्हा पडला नाही. तो जागीच एकदा फिरला, तोंड बर्फात घासलं आणि चरात उतरून दिसेनासा झाला. आम्ही खाली उतरलो. बर्फावर फार थोडं रक्त होतं आणि त्यात दाताचा एक तुकडा. ओपांनी तो हातमोजा काढून उचलला आणि तळहातावर ठेवला. जबड्याला लागलेलं जनावर लगेच मरत नाही. त्याला खाता येत नाही, एवढंच.

माग काढणारा कुत्रा आणि त्याचा मालक तासाभरात आले. कुत्र्यानं माग चरातून रस्त्याखालच्या सिमेंटच्या नळापर्यंत नेला आणि तिथे तो भुंकत राहिला. आम्ही दुपारपर्यंत थांबलो. कोल्हा बाहेर आला नाही. दुसऱ्या बाजूला पाणी होतं, तिथून तो केव्हा गेला ते कळलं नाही. पुढचे तीन दिवस ओपा उजाडल्यापासून चराच्या कडेनं चालत होते. मीही रजा काढून दुसऱ्या काठानं चालत होते. आमच्यामध्ये पाणी होतं, त्यामुळे बोलावं लागलं नाही.

चौथ्या दिवशी तो मला सापडला, लव्हाळ्यांच्या बेटात, अंगाची गुंडाळी करून. मेलेला होता, पण फार वेळ झालेला नव्हता. मी हाक मारली. ओपा पूल ओलांडून आले, टोपी काढली, आणि जवळच्या झाडाची एक डहाळी मोडली. इथे मारलेल्या हरणाच्या तोंडात अशी हिरवी डहाळी ठेवतात; त्याला शेवटचा घास म्हणतात. कोल्ह्याला तो मान नसतो. ओपा ती डहाळी घेऊन वाकले, आणि तसेच थांबले. ती ठेवायला तोंड उरलं नव्हतं. शेवटी त्यांनी ती पुढच्या पायांशी ठेवली.

त्या दिवशी मी आईला फोन केला. ख्यालीखुशाली झाल्यावर विचारलं, “आई, स्कूटरचं... बाबांना खरंच वाटलं होतं का गं, की कार्ब्युरेटर बिघडलाय?”

आई हसली. “अगं, दर रविवारी कार्ब्युरेटर उघडून रॉकेलनं धुवायचे ते! त्यांना नाही कळणार? पहिल्याच दिवशी कळलं होतं.”

“मग बोलले का नाहीत?”

“तुम्ही पोरं इतक्या काळजीनं खोटं बोलत होता. तुमचं मन कोण मोडणार?” मग ती पुढे म्हणाली, “एकदा मला म्हणाले, मला कोणी सरळ विचारलं असतं, तर मी सरळ किल्ली दिली असती. चादर घालणं मात्र नको होतं.”

मी ठरवलं की आता खाली जायचं आणि सांगायचं. साडी नीट केली, उगीचच, केस बांधले. दार उघडलं तर ओपा जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभे होते. हातात निशाणांचे दहा कागद. ते मी अहवालासोबत जोडले होते.

त्यांनी कागद टेबलावर पसरले. चहा नको म्हणाले.

“त्या दिवशी आधी कोण बसलं?”

“तुम्ही.”

“तेव्हा नळी?”

“थंड होती.”

“आणि या कागदावर काय लिहिलंय?”

“नळी तापल्यावर.”

“जा,” ते म्हणाले. इथे ‘हो’ला ‘जा’ म्हणतात. पण त्या दिवशी मला क्षणभर ते मराठीतच ऐकू आलं. “बंदुकीचा रिपोर्ट मला दुकानातही मिळाला असता, फ्राऊ इंजिनिअर. मला माझा हवा होता.”

मी म्हटलं की मला तुम्हाला दुखवायचं नव्हतं. आमच्याकडे मोठ्या माणसांना असं...

“मला नाही दुखवलंत,” ते म्हणाले. “कोल्ह्याला मरायला चार दिवस लागले.” मग, माझ्याकडे न पाहता: “मीच आधी बसलो होतो, हे मला त्या दिवशीही आठवत होतं. वाचताना आठवत होतं. पण तुम्ही नळी म्हणालात आणि मला ते आवडलं. तेव्हा दोष एकट्या तुमचा नाही. पण कागदावर सही तुमची आहे.”

त्यांनी कागद गोळा करून कडा जुळवल्या. त्याला वेळ लागला, कारण हात थरथरत होते आणि आता ते लपवत नव्हते.

“दुरुस्त करून द्या. चुकीचा कागद मला घरात नको.”

दुसऱ्या दिवशी मी नवा अहवाल लिहिला. एकच पान झालं. रायफल: उत्तम, वजनाला हलकी, चाप एकसारखा, एकूण दहा फेऱ्यांत नळीचा दोष नाही, कोल्ह्यासाठी निःसंशय योग्य. पहिला नेमबाज: हाताला कंप आहे, चाप ओढताना बोट अडखळते, यापुढे जिवंत जनावरावर गोळी झाडू नये. हे वाक्य लिहायला अर्धं मिनिट लागलं. ते शरद ऋतूत लिहिलं असतं तरी अर्धंच मिनिट लागलं असतं.

ओपांनी वाचलं, म्हणाले, “आता बरोबर,” आणि पोचल्याची सही केली. त्या आठवड्यात त्यांनी परवाना आणि बंदुका जमा केल्या आणि भाडेपट्टा सोडला. त्यांचा मुलगा आनंदला. त्यानं मला केक आणून दिला. माझ्यामुळेच ते ऐकले असा त्याचा समज होता. तो केक मी शेजारी दिला.

ओपा आजही जिन्यात भेटले की नमस्कार करतात, कचऱ्याचे डबे कोणत्या दिवशी बाहेर ठेवायचे ते सांगतात. वर येत नाहीत. या वसंतात मी त्यांच्या खिडकीवरून काठ्या घेऊन कुरणात गेले, तेव्हा ते पडदा धरून उभे होते. परत आल्यावर किती घरटी दिसली ते सांगायला मी दार वाजवलं. त्यांनी आकडा ऐकला, आभार मानले, आणि दार हळूच लावून घेतलं.

मी आधीच खरं लिहायला हवं होतं, हे मला कळलं आहे. त्याबद्दल मला काही विचारायचं नाही. पण साक्ष दिल्यासारखं कोरडं नाही, आणि चादर घातल्यासारखं मऊही नाही, असं ते वाक्य मला अजून सापडलेलं नाही. कारखान्यातल्या भाषेत नाही आणि आईच्या भाषेतही नाही. त्या शनिवारी मैदानावर कागद गुंडाळत ओपांनी ‘आल्झो?’ असं विचारलं, तेव्हा माझ्या जागी तुम्ही असता, तर त्यांना काय म्हणाला असता?